उंबरठ्याच्या आतली तपासणी

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मराठी वृत्तपत्रे या रोगास ग्रंथिक सन्निपात म्हणत. लवकरच तो पुण्यात शिरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा संमत केला. कायदा अवघ्या चार कलमांचा. आगगाडीच्या उतारूंस तपासण्याचा अधिकार त्याने दिला. सद्हेतूने वागणाऱ्या अंमलदारावर फिर्याद चालणार नाही, असे अभयही दिले. ज्याची तपासणी व्हावयाची त्याने दाद कोठे मागावी, याविषयी मात्र त्यात अक्षर नव्हते.

पुण्याचे काम वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे आले. हा अधिकारी कामचुकार खचित नव्हता, आणि साथ आवरण्याचा हेतूही खोटा नव्हता. रोगी हुडकावा, इस्पितळात न्यावा, घरच्या माणसांस छावणीत ठेवावे, घर धुऊन चुना लावावा, अशी योजना होती. कागदावर ती नेटकी दिसते. परंतु १३ मार्चपासून ती राबविली गोऱ्या सोजिरांनी. देवघर आणि स्वयंपाकघर यांत परका बूट शिरला. बगलेतील व जांघेतील गाठ चाचपण्यासाठी माणसे उघडी केली गेली. स्त्रियांच्या अब्रूचा प्रश्न घरोघर बोलला जाऊ लागला. परिणाम उलटा झाला: लोक रोगी दडवू लागले, ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले, आणि जाताना रोगही बरोबर नेऊ लागले. टिळकांनी ‘केसरी’तून या जुलमावर कडक टीका केली, त्याच वेळी हिंदूंसाठी वेगळे प्लेग इस्पितळही उभारले. लोकांना उपचार नको होते असे नव्हे. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या गोळ्यांनी लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैस मरण पावला.

खेदाची गोष्ट ही की, शोध चुकीच्या ठिकाणी चालला होता. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसू हा प्लेगचा वाहक असल्याचे दाखविले. १९०५ नंतर मुंबईतील संशोधनाने त्यास पुष्टी दिली. खेड्यांतील माणसे पुढे ‘उंदीर पडू लागले’ म्हणताच माळावर झोपड्या घालून राहत. ही टेहळणी कोणाच्या अंगाला हात लावीत नसे.

तोच कायदा मार्च २०२० मध्ये करोनासाठी पुन्हा बाहेर काढण्यात आला. २ एप्रिलला ‘आरोग्य सेतू’ आले. आता दारात सोजीर नव्हता. खिशातला फोनच जवळून जाणाऱ्या फोनची नोंद ठेवी. मधल्या काळात एक फरक मात्र पडला होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला होता. साथीच्या अभ्यासासाठी इस्पितळांतील नोंदी शासन वापरू शकेल, मात्र रोग्याची ओळख झाकूनच, असा विचार त्या निकालपत्रात आहे.