अकाने यामागुची
अकाने यामागुची (जन्म: ६ जून, १९९७, कात्सुयामा, फुकुई प्रभाग) ही जपानची बॅडमिंटन खेळाडू आहे. ती महिला एकेरीत खेळते. तिने २०२१, २०२२ आणि २०२५ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. स्पेनच्या कॅरोलिना मारिननंतर या स्पर्धेत एकेरीची तीन विजेतेपदे मिळविणारी ती दुसरी महिला आहे. ऑलिंपिक पदक मात्र तिला मिळालेले नाही. रियो दि जानेरो, टोकियो आणि पॅरिस या तिन्ही ऑलिंपिकमध्ये तिचे आव्हान उपांत्यपूर्व फेरीत संपुष्टात आले.

सुरुवातीची कारकीर्द

कात्सुयामा हे डायनासोरच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध असलेले लहान शहर आहे. यामागुचीचे शालेय शिक्षण तेथेच झाले. २०१२ साली चिबा येथे झालेल्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिला आपल्याच देशाच्या नोझोमी ओकुहाराकडून पराभव पत्करावा लागला. पुढील दोन्ही वर्षी तिने ही स्पर्धा जिंकली. २०१३ मध्ये बँकॉक येथे तिने आया ओहोरीला, तर २०१४ मध्ये अलोर सेतार येथे चीनच्या हे बिंगजियाओला हरविले. त्याच वर्षी नानजिंग येथील युवा ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात हे बिंगजियाओने त्या पराभवाची परतफेड केली आणि यामागुचीला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले.

सप्टेंबर २०१३ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी तिने पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत प्रवेश करून जपान खुली स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात तिने शिझुका उचिदाचा पराभव केला. सुपर सिरीज दर्जाच्या स्पर्धेतील ती तोपर्यंतची सर्वांत तरुण विजेती ठरली. शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर ती कुमामोतो येथील साइशुनकान औषधनिर्माण कंपनीच्या संघात दाखल झाली. जपानमधील अनेक अव्वल बॅडमिंटन खेळाडू अशा कंपन्यांच्या संघांतून खेळतात.

वरिष्ठ गटातील यश

२०१७ च्या अखेरीस दुबई येथील सुपर सिरीज अंतिम स्पर्धेत तिची गाठ भारताच्या पी.व्ही. सिंधूशी पडली. गटसाखळीत सिंधूकडून सरळ गेममध्ये हरल्यानंतर यामागुचीने अंतिम सामना १५-२१, २१-१२, २१-१९ असा जिंकला. एप्रिल २०१८ मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचली. महिला एकेरीत हे स्थान मिळविणारी ती पहिली जपानी खेळाडू होय. त्याच वर्षी जपानने ३७ वर्षांनंतर उबेर चषक जिंकला. त्या संघात तिचा समावेश होता. जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत तिने सांघिक सुवर्ण व एकेरीत कांस्यपदक मिळविले.

२०१९ मध्ये तिने आशियाई अजिंक्यपद, इंडोनेशिया खुली आणि जपान खुली या स्पर्धा जिंकल्या. २०२२ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिने दक्षिण कोरियाच्या आन से-यंगला हरविले.

ऑलिंपिक

२०१६ च्या रियो ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत पहिला गेम जिंकूनही ती ओकुहाराकडून पराभूत झाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये सिंधूने तिला २१-१३, २२-२० असे हरविले. या सामन्याच्या दुसऱ्या गेममध्ये यामागुची पिछाडीवरून २०-१८ अशी पुढे गेली होती. परंतु हाती आलेले दोन गेम पॉइंट तिला साधता आले नाहीत. प्रेक्षकांविना झालेल्या या ऑलिंपिकनंतर अवघ्या पाच महिन्यांत तिने उएल्वा येथे आपले पहिले जागतिक विजेतेपद मिळविले.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आन से-यंगविरुद्ध पहिला गेम जिंकल्यानंतर तिने पुढील दोन गेम गमावले. आनने पुढे सुवर्णपदक पटकावले. २०२५ ची जागतिक स्पर्धा पॅरिसमधील त्याच क्रीडागृहात झाली आणि तेथे यामागुचीने तिसरे विजेतेपद मिळविले.

खेळाची शैली

यामागुचीची उंची सुमारे १५६ सेंटिमीटर असून महिला एकेरीतील आघाडीच्या खेळाडूंमध्ये ती सर्वांत कमी उंचीच्या खेळाडूंपैकी एक आहे. ही उणीव ती चपळ पदलालित्याने भरून काढते. सूर मारून अशक्यप्राय शटल परतविणे, दीर्घ रॅलीत प्रतिस्पर्ध्याला थकविणे आणि संधी मिळताच उडी घेऊन स्मॅश मारणे ही तिच्या खेळाची वैशिष्ट्ये आहेत.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील अंतिम सामने

• २०२१, उएल्वा: विजयी वि. ताइ त्झू-यिंग (चिनी तैपेई), २१-१४, २१-११
• २०२२, टोकियो: विजयी वि. चेन युफेई (चीन), २१-१२, १०-२१, २१-१४
• २०२५, पॅरिस: विजयी वि. चेन युफेई (चीन), २१-९, २१-१३