बिल बोज : व्यावसायिकाच्या हाती लेखणी

इंग्लंडच्या क्रिकेटमधील हौशी व व्यावसायिक हा वर्गभेद १९६२ साली अधिकृतपणे संपुष्टात आला. दोन्ही वर्गांची प्रवेशद्वारे वेगळी असत, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. लेखनाच्या अधिकारातील विषमतेकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. यॉर्कशायरचे वेगवान गोलंदाज बिल बोज (१९०८-१९८७) यांच्या चरित्रावरून तिची कल्पना येते.

ऑगस्ट १९३२ मध्ये ओव्हल मैदानावर बोज यांनी जॅक हॉब्ज यांना आखूड टप्प्याचे चेंडू टाकले. त्यावर पेल्हॅम वॉर्नर यांनी 'मॉर्निंग पोस्ट'मधून कडक टीका केली. वॉर्नर हे वृत्तपत्राचे लेखकही होते आणि राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षही! हौशी गृहस्थास हे दुहेरी आसन चालत असे. वेतनावर खेळणाऱ्याने छापून उत्तर देणे मात्र धोक्याचे होते. १९२४ साली कर्णधार गिलिगन यांच्यावर टीका करणारा लेख सिसिल पार्किन यांच्या नावे प्रसिद्ध झाला, आणि पार्किन पुन्हा कसोटी सामना खेळले नाहीत. तो लेख वस्तुतः दुसऱ्यानेच लिहिलेला होता.

वॉर्नर यांच्याच व्यवस्थापनाखाली बोज ऑस्ट्रेलियास गेले. ३० डिसेंबर १९३२ रोजी मेलबर्न येथे त्यांनी पहिल्याच चेंडूवर ब्रॅडमन यांचा त्रिफळा उडविला. त्या मालिकेतील त्यांचा तो एकमेव बळी होय. पुढे महायुद्धात, १९४२ साली, तोब्रुक येथे ते शत्रूच्या हाती सापडले व तीन वर्षे युद्धकैदी राहिले. जून १९४६ मध्ये लॉर्ड्सवर भारताविरुद्ध ते अखेरची कसोटी खेळले आणि १९४७ साली निवृत्त झाले. (१,६३९ बळी आणि १,५३१ धावा : धावांपेक्षा बळी अधिक!)

त्यानंतर लीड्सच्या सायंदैनिकांतून ते क्रिकेटवर लिहू लागले. हे लेखन त्यांचे स्वतःचे असे. १९४९ च्या 'एक्स्प्रेस डिलिव्हरीज' या आत्मचरित्रात 'बॉडीलाइन'विषयी एक प्रसंग आहे. लेग बाजूस आणखी एक क्षेत्ररक्षक मागताच कर्णधार जार्डिन यांनी नकार दिला. हवे तर पाच देतो, असे ते म्हणाले. ही सोळा वर्षांनंतरची स्मृती आहे, हे खरे. परंतु चेंडू टाकणाऱ्यांना योजनेची माहिती किती उशिरा व कशी दिली जाई, याचा असा पुरावा हौशी खेळाडूंच्या ग्रंथांत मिळणे कठीण.

१९५८ साली यॉर्कशायरचेच जॉनी वॉर्डल यांनी 'डेली मेल'मध्ये टीकालेख लिहिले, आणि ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे त्यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. त्या वेळी बोज वार्ताहरकक्षात बसत होते.