साथीच्या दिवसांतला लोकप्रतिनिधि

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत रोगाच्या साथीला बहुधा एखाद्या परिच्छेदापुरती जागा मिळते. लढाया, तह आणि राज्यारोहणें यांच्या गर्दींत ती कोपऱ्यांत उभी असते. मीं जवळजवळ चाळीस वर्षें खेड्यांतल्या शाळेंत इतिहास शिकविला आणि मींही तिला तेवढीच जागा दिली. पुण्याचा प्लेग म्हटला कीं रँडसाहेब, चाफेकर आणि जुबिलीची रात्र एवढें मुलांकडून पाठ करून घ्यावें, कीं आपलें काम झालें असें मला वाटे. परंतु २०२० सालीं साथ आमच्याच गांवच्या वेशींत येऊन उभी राहिली, तेव्हां तीं जुनीं पानें मीं पुन्हां उघडलीं, आणि त्यांत मला एक निराळाच प्रश्न दिसला. लोकांनीं ज्याला आपला म्हणून निवडून दिलें, त्यानें साथीच्या दिवसांत लोकांना काय सांगावें? मदत थोडी आणि गरजू पुष्कळ, अशा वेळीं आधीं कोणाचें, मागून कोणाचें, आणि तें कां, हें त्यानें कोणत्या तोंडानें सांगावें? आजच्या भाषणांत ह्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांतील एक रोगी पाहून डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनीं हा गांठीचा प्लेग आहे असें निदान केलें. डॉक्टर मूळचे गोव्याचे. ते नुसते वैद्य नव्हते. मुंबईच्या म्युनिसिपालिटीचे सभासदही होते. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा आणि बंदराच्या उलाढालीचा भाग. अशा ठिकाणीं प्लेगचें नांव उच्चारणें म्हणजे व्यापाराच्या मुळावर घाव घालणें. तरीही त्यांनीं तें उच्चारलें. पुढें ते त्याच संस्थेचे अध्यक्ष झाले. म्हणजे अप्रिय बातमी पहिल्यानें सांगणारा मनुष्य लोकांच्या मनांतून उतरतोच असें नाहीं. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, १० जानेवारी १८९७ रोजीं, हाफकिन यांनीं आपण तयार केलेली प्लेगची लस मुंबईंत प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली. तोंवर लक्षावधि लोक शहर सोडून गेले होते, आणि त्यांच्यामागोमाग रोगही गांवोगांवीं पोहोंचत होता.

४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला. कायदा अवघ्या चार कलमांचा. परंतु प्रवाशांना अडविण्याचा, घरें तपासण्याचा, रोग्यांना वेगळें ठेवण्याचा असा मोठा अधिकार त्यानें सरकारच्या हातीं दिला. पुण्यांत त्या अधिकाराचा अंमल करण्यासाठीं रँड यांची नेमणूक झाली आणि मार्च महिन्यापासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर फिरूं लागल्या. येथें आपण न्यायानें बोललें पाहिजे. रोग्याला वेगळें ठेवणें, घर स्वच्छ करणें, हे उपाय मुळांत वेडगळ नव्हते. उपायांची गरज आहे हें टिळकांच्या ‘केसरी’नेंही मान्य केलें होतें. परंतु बूट घालून शिपाई स्वयंपाकघरांत आणि देवघरांत शिरत, घरांतलें सामानसुमान जाळून टाकीत, बायामाणसांची तपासणी करीत, आणि हें सर्व कशासाठीं चाललें आहे हें लोकांच्या भाषेंत, लोकांच्या विश्वासांतल्या मनुष्याकडून सांगण्याची तसदी कोणी घेत नसे. परिणाम असा झाला कीं रोगापेक्षां तपासणीची धास्ती मोठी झाली. लोक रोगी लपवूं लागले. ज्या उपायानें रोग आटोक्यांत यावयाचा, त्याच उपायानें तो घराच्या अंधाऱ्या खोलींत दडून बसला. २२ जून १८९७ च्या रात्रीं काय झालें तें आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्याचा विस्तार येथें करीत नाहीं.

माझें लक्ष आहे तें त्या वेळच्या लोकप्रतिनिधींकडे. टिळक तेव्हां मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलाचे सभासद होते. प्लेगच्या आधींच दुष्काळ पडलेला होता. त्या दुष्काळांत त्यांनीं व सार्वजनिक सभेनें एक साधें पण फार मोठें काम केलें. सरकारचाच दुष्काळाचा कायदा मराठींत समजावून गांवोगांव पोहोंचविला. पीक बुडालें तर साऱ्याची सूट कोणाला, काम कोणाला, फुकट शिधा कोणाला, हें शेतकऱ्याला प्रथमच कळलें. सोलापूर आणि नगरच्या विणकरांचे हाल निराळे होते. त्यांना खडी फोडावयास धाडण्यापेक्षां त्यांच्या मागाला काम मिळावें, यासाठींही त्यांनीं खटपट केली. मदत ही कोणाची मेहेरबानी नसून तिचे कांहीं नियम आहेत, आणि ते नियम विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, ही जाणीव त्या दिवसांत खेड्यांत शिरली.

मग प्लेग आला. शहरांतले पुष्कळ प्रतिष्ठित गृहस्थ बाहेरगांवीं निघून गेले. टिळक पुण्यांतच राहिले. तपासणीच्या तुकड्यांबरोबर स्वयंसेवक म्हणून ते स्वतः हिंडले. सरकारी इस्पितळांत गेलों तर धर्म बुडेल, ही भीति लोकांच्या मनांत होती. तिला हसून ती जाणारी नव्हती. म्हणून त्यांनीं वर्गणी जमवून हिंदूंसाठीं निराळें प्लेगचें इस्पितळ काढलें, आणि वेगळें ठेवलेल्या लोकांच्या छावणींत मोफत स्वयंपाकघर चालविलें. लोकांना त्यांनीं इस्पितळांत जावयास सांगितलें, आणि सरकारला शिपायांचा जुलूम थांबवावयास सांगितलें. दोन्ही बाजूंना न रुचणारें सांगणें हें प्रतिनिधीचें काम त्यांनीं टाळलें नाहीं. त्याच वर्षीं जुलैंत त्यांना ‘केसरी’तील लिखाणाबद्दल अटक झाली आणि सप्टेंबरांत दीड वर्षाची शिक्षा झाली.

ह्याच पुण्यांत, कोणतेंही अधिकारपद नसलेली एक वृद्ध स्त्री त्याच दिवसांत काम करीत होती. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉक्टर यशवंतराव यांनीं शहराबाहेर माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीबाईंनीं पाठीवर घेऊन तेथें पोहोंचविलें. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. आधीं कोणाचें, ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं भाषणानें दिलें नाहीं.

आतां तिसरें उदाहरण, आणि माझ्या मतें सर्वांत कठीण. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळीं विलायतेंत एका कमिशनपुढें साक्ष देण्यास गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनीं शिपायांच्या अत्याचाराविषयीं तेथील वर्तमानपत्रांत गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुराव्याची वेळ आली, तेव्हां पत्रें लिहिणारे पुढें येईनात. ऑगस्ट १८९७ मध्यें गोखल्यांनीं जाहीर माफी मागितली. त्यांच्यावर केवढी टीका झाली! भित्रा म्हणून स्वजनांनीं हिणविलें. परंतु जें सिद्ध करतां येत नाहीं तें मागें घेतलें पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. पुढें तेच गोखले प्लेगच्या कामांत स्वयंसेवक म्हणून उतरले, कौन्सिलांत गेले, आणि पुणें म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले. विद्यार्थ्यांना हा भाग शिकवितांना मी तो नेहमीं घाईनें उरकीत असें. माफी हा पराक्रम वाटत नसे.

श्रोतेहो, आतां आपण पुणें सोडून माझ्या गांवाकडे येऊं. मी बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्याच्या चकलांब्याचा. १८९७ सालीं आमचा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. पुण्याला निदान ‘केसरी’ होता, कौन्सिलांत प्रश्न विचारणारे चार सभासद होते. आमच्याकडे गांवानें निवडलेला आणि गांवाला जाब देणारा कोणी नव्हता. १९१८ च्या इन्फ्लुएंझानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं; खेड्यांनीं तें दुःख मुकाट्यानें गिळलें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी अंमल संपला, १९५२ च्या निवडणुकींत मत मिळालें, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद आली. विचारण्याचा हक्क आम्हांला असा उशिरानें मिळाला.

मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांत तोच १८९७ चा कायदा पुन्हां लागू झाला. आमच्या जिल्ह्यांतील लक्षावधि माणसें दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. टाळेबंदी झाली तेव्हां तीं कारखान्यांच्या आवारांत आणि फडांवरच्या कोप्यांत अडकून पडलीं. १७ एप्रिल रोजीं सरकारनें त्यांना तपासून घरीं जाऊं देण्याची परवानगी दिली. सव्वा लाखाहून अधिक कामगारांचा हा प्रश्न होता. आमचे तत्कालीन पालकमंत्री धनंजय मुंडे यांनीं ही वार्ता कामगारांना जाहीरपणें कळविली. परवानगी आली, पण गांवांत पाऊल टाकल्यावर पुढें काय?

त्या संध्याकाळीं आमच्या भागांतले एक लोकप्रतिनिधि हातांत कागद घेऊन पारापाशीं, सर्वांपासून अंतर राखून उभे राहिले. नांव सांगण्याचें कारण नाहीं. त्यांनीं कागद वाचला. आधीं बाहेरून येणाऱ्यांचें पाणी आणि शिधा. दुसरें, ज्या म्हाताऱ्यांना रोजची गोळी लागते त्यांचें औषध. तिसरें, ज्यांच्यापाशीं शिधापत्रिका नाहीं त्यांचें धान्य. कारण माणशीं पांच किलो मोफत धान्य शिधापत्रिकेवरच मिळणार होतें. सभामंडपाचें आणि रस्त्याचें काम यंदा होणार नाहीं. आणि येणारीं माणसें चौदा दिवस शाळेंत राहतील.

ह्या शेवटच्या वाक्यावर पहिला विरोध मीं केला. निवृत्त झालों तरी शाळा माझीच, अशी माझी समजूत. ‘मुलांच्या खोल्यांत रोग ठेवूं नका,’ असें मी म्हणालों. चार जणांनीं माना डोलावल्या. ते गृहस्थ थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘गुरुजी, येणारे कोण आहेत? तुमच्याच हाताखालीं शिकलेलीं मुलें आहेत ना तीं?’

मला उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं बिऱ्हाडें आलीं तेव्हां मी लांबूनच पाहिलें. डोक्यावर बोचकें, कडेवर मूल, आणि मला ओळखून हात जोडणारे चेहरे. त्यांतल्या एकाला मीं पाढे शिकविले होते. ‘गुरुजी, आम्हाला शाळंत येऊ द्यायचं नव्हतं म्हने,’ तो हसून म्हणाला. त्या हसण्यांत राग नव्हता; असता तर बरें वाटलें असतें. चौदा दिवसांनीं तीं माणसें आपापल्या घरीं गेलीं, तेव्हां शाळेच्या खोल्या सारवल्यासारख्या लख्ख झाडलेल्या होत्या.

आणखी एक गोष्ट सांगतों. तालुक्याच्या दवाखान्यांत खाटा किती, हें त्या गृहस्थांनीं पहिल्या दिवशीं सांगितलें होतें. दुसऱ्या दिवशीं ते पुन्हां पारापाशीं आले आणि म्हणाले, ‘कालचा आंकडा चुकला, खाटा कमी आहेत, तेव्हां जपून राहा.’ मला गोखल्यांची माफी आठवली, ती मीं वर्गांत किती घाईनें उरकली होती तेंही आठवलें. त्या दिवसापासून गांवांत त्यांच्या शब्दावर लोक अधिक विसंबूं लागले.

आपण शहरांत राहतां. आपल्या प्रभागालाही एक प्रतिनिधि आहे. संकट नसेल त्या दिवशींच त्याला विचारून ठेवा, कीं वेळ आली तर आधीं कोणाचें आणि कां. त्याच्या यादींत आपलें नांव पहिलें नसेल. माझेंही नव्हतें, आणि तें ऐकून घेणें मला जड गेलें. परंतु ज्या दिवशीं मीं तें ऐकून घेतलें, त्या दिवशीं पुण्याच्या प्लेगचा धडा मला खऱ्या अर्थानें समजला असें मी मानतों.