असामिइडी कुळ आणि त्याच्या नावाचा प्रश्न

शिंदखेडे तालुक्यातील नरडाण्याचा शेतकरी ‘रानात जातो’ असे म्हणतो, तेव्हा तो आपल्या कपाशीच्या किंवा बाजरीच्या शेतात निघालेला असतो. तापी ओलांडून सातपुड्याच्या झाडीत शिरणारा मनुष्यही रानातच जातो. मराठीने एका शब्दात सामावलेली ही दोन स्थाने प्राणिसृष्टीच्या दृष्टीने मात्र अगदी भिन्न आहेत. अष्टपाद वर्गातील एका उपेक्षित गणाच्या नामकरणाचा इतिहास पाहताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

ह्या गणाला इंग्रजीत ‘हार्व्हेस्टमन’, म्हणजे कापणी करणारा, असे म्हणतात. लिनीअसने १७५८ मध्ये यूरोपातील एका जातीस ‘फॅलँजियम ओपिलिओ’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘ओपिलिओ’ म्हणजे मेंढपाळ. त्याच शब्दावरून १८३३ मध्ये स्वीडिश पंडित सुंदेवाल ह्याने सबंध गणास ‘ओपिलिओनीस’ म्हटले. जर्मन लोक ह्या प्राण्यास विणकराचा गडी म्हणतात, तर फ्रेंच लोक गवत कापणारा. ही सारी नावे यूरोपच्या ग्रामजीवनातून आलेली आहेत. तिकडे उन्हाळ्याच्या अखेरीस पीक कापणीला येते, त्याच सुमारास पूर्ण वाढलेले हे लांब पायांचे जीव शेतांतून दिसू लागतात.

उष्ण कटिबंधातील परिस्थिती निराळी आहे. डॅनिश संशोधक सोरेन्सेन ह्याने १८८४ मध्ये ‘असामिइडी’ हे कुळ स्थापिले. त्या नावात आसामचा ध्वनी स्पष्ट ऐकू येतो. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या ह्या कुळात आज चारशेहून अधिक जाती गणल्या जातात. तथापि भारतात त्यांच्याकडे फार काळ कोणाचे लक्ष गेले नाही. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील मालेत पोकॉकचा अष्टपादांविषयीचा खंड १९०० मध्ये निघाला, पण त्यात ह्या गणास स्थान नव्हते. पुढे जर्मन अभ्यासक रोएवर ह्याने १९२३ मध्ये जगातील सर्व ज्ञात जातींचा बृहद्ग्रंथ सिद्ध केला आणि १९२९ मध्ये दक्षिण भारतातील जातींवर लेख लिहिला. पायांच्या टोकांकडील पेरांची संख्या व अंगावरील काटे ह्यांवर त्याने वर्गीकरणाचा फार भार टाकला. त्यामुळे त्याच्या पुष्कळ प्रजाती कृत्रिम असल्याचे उत्तरकालीन अभ्यासकांना आढळून आले.

हे प्राणी पालापाचोळ्यात, कुजक्या ओंडक्यांखाली व दगडांच्या सांदीत राहतात. त्यांच्या अंगातील ओलावा लवकर उडून जातो, म्हणून सावली व दमट हवा त्यांना अत्यावश्यक असते. नरडाण्याच्या तापलेल्या काळ्या जमिनीत ह्या कुळाला आसरा मिळण्यासारखे फारसे काही नाही. खानदेशात खरिपाची कापणी होते ती पाऊस सरून जमीन वाळू लागल्यावर. तेव्हा ‘हार्व्हेस्टमन’चा शब्दशः अनुवाद करून घडविलेले मराठी नाव येथे दोन्ही परींनी खोटे ठरेल: स्थळ चुकेल आणि ऋतूही चुकेल.

मराठीतील जुने शब्दही ह्या प्राण्यास लागू पडत नाहीत. ‘कोळी’ म्हणताच जाळे डोळ्यांसमोर उभे राहते. ‘कातीण’ हे नाव तर कातण्यावरूनच आले आहे. ह्या प्राण्याजवळ सूत काढणाऱ्या ग्रंथी नाहीत, विषही नाही. त्याचे धड सलग असून कोळ्यासारखी बारीक कंबर त्याला नसते. पायांची दुसरी जोडी तो चाचपण्यासाठी वापरतो आणि शत्रू जवळ आल्यास उग्र वासाचा द्रव सोडतो.

हा प्रश्न केवळ कोशकाराचा नव्हे. दमट झाडीला जखडलेल्या प्राण्याला उघडे माळ ओलांडून दुसरीकडे जाता येत नाही. त्यामुळे एखाद्या जातीचा सारा वावर एखाद्या डोंगरापुरताच असू शकतो, आणि तेथील झाडी तुटली की ती जातही संपते. ज्याला नाव नाही त्याची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचा नाश कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून अनुवादित नाव रूढ करण्यापूर्वी सातपुड्यातील भिल्ल व पावरा आणि सह्याद्रीतील कोकणा लोकांच्या बोलींत ह्या जिवाला काय म्हणतात, ह्याचा शोध घेणे श्रेयस्कर होय. कापणीच्या रानाने दिलेले नाव यूरोपात शोभते. येथे ते झाडीच्या रानाकडूनच मिळाले पाहिजे.