बिनसावलीची चित्रं आणि भुसावळचा मेजर

भुसावळ म्हटलं की जंक्शन आणि केळी. पण याच गावात मेजर रॉबर्ट गिलची कबर आहे. जन्म 1804 चा. टर्नर, कॉन्स्टेबल इंग्लंडात ढग, धुकं, ऊन रंगवत होते, त्या काळात वाढलेला माणूस. उजेड एका बाजूने येणार, दुसरीकडे सावली पडणार, हे त्या पिढीच्या हातातच बसलेलं.

1844 मध्ये कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याची भित्तिचित्रं उतरवायला नेमलं. तिथे वेगळंच प्रकरण! नाकावर, हनुवटीवर उजळ रंग, कडांना गडद. चेहऱ्याला गोलाई आहे, पण जमिनीवर पडलेली सावली? शोधून दाखवा. उजेड नेमका कुठून येतोय तेच कळत नाही. अंधाऱ्या लेण्यांत गिल वर्षानुवर्षं हे मोठमोठ्या कॅनव्हासवर तेलरंगात उतरवत राहिला.

ते कॅनव्हास लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागले. डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागली आणि मोजके सोडता सगळे जळाले. बॅकअप नाही!

उरले त्याचे स्टिरिओ फोटो. एकाच दृश्याचे दोन फोटो, दोन डोळ्यांना दिसतात तसे. भिंगातून बघितलं की खोली जाणवते. व्हीआर हेडसेटमागेही हीच आयडिया. फर्ग्युसनच्या मजकुरासह 1864 मध्ये अशी 100 दृश्यं छापली गेली. तेव्हाच्या ओल्या काचेला भरपूर उजेड लागायचा, म्हणून कॅमेरा उन्हात: पुढे तापलेला दगड, मागे काळोख. खरं सांगू? मला या फोटोंतच गिल जास्त दिसतो.

वाचलेले कॅनव्हास लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. गिल 1879 मध्ये गेला.