टोपली, मडकं आणि काच : सापाच्या घराचा इतिहास

तत्त्वज्ञानाचा मास्तर सापांवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मी आयुष्यभर वेदान्तातला साप शिकवला. अंधारात दोरी पडलेली असते, माणूस तिला साप समजून घाबरतो, दिवा आला की साप नाहीसा होतो. फार सोयीचा साप! त्याला ऊब लागत नाही, आडोसा लागत नाही आणि तो मरतही नाही.

खरा साप मला उशिरा भेटला. काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी जालन्यातल्या घरी आला. कुणाच्या तरी माळवदाच्या घरात निघालेली लहान धामण त्यानं प्लास्टिकच्या बरणीत घातली होती. झाकणाला भोकं पाडलेली, बरणी मोटारसायकलला अडकवलेली. "सर, एकदम सेफ आहे," तो म्हणाला. मी कौतुक केलं, चहा पाजला, गप्पा लांबवल्या. बाहेर आलो तर बरणीवर ऊन आलेलं आणि धामण गेलेली. चूक दोघांची. सापाला स्वतःच्या शरीराचं तापमान आपल्यासारखं राखता येत नाही. तापला की तो सावलीत, बिळात सरकतो. भोकांतून हवा मिळते, सावली मिळत नाही. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे : 'सेफ' म्हणजे कुणासाठी?

या प्रश्नानं आपला इतिहास वाचून बघू.

पहिली टोपली, गारुड्याची. बांबूची किंवा वेताची. वस्तू म्हणून वाईट नव्हे. हलकी, हवेशीर, अंधारी. पण तिच्यातल्या नागाचे दात बहुधा काढलेले असत. नागपंचमीला दूध प्यावं म्हणून त्याला तहानलेला ठेवत. एरवी दूध हे सापाचं अन्नच नव्हे. म्हणजे टोपली बघणाऱ्यांसाठी सुरक्षित होती, नागासाठी नव्हती. गारुड्याला दोष देऊन मोकळं होऊ नका. त्याचं पोट त्या टोपलीवर होतं आणि पैसे टाकणारे आपणच होतो.

दुसरं मडकं. सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा तुम्हाला माहीत आहे. तिथं पंचमीच्या आधी नाग पकडून मडक्यांत ठेवत, तोंडाला फडकं बांधत. मनात भक्ती होती, यात शंका नाही. पण भक्ती असली म्हणजे मिरवणुकीतला गोंगाट आणि हाताळणी नागाला कमी लागते, असं नाही. न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांची ती मिरवणूक थांबली.

याच मडक्याची दुसरी कथा तमिळनाडूतली. तिथल्या इरुळा आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था 1978 मध्ये उभी राहिली. तेही साप मडक्यातच ठेवतात. आपल्या माठातलं पाणी का गार राहतं? माती झिरपते म्हणून. तेच इथं. ठरावीक काळ विष काढायचं आणि मग साप परत रानात सोडायचा. विषापासून प्रतिविष होतं. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेनंही हे काम केलं : थोडं थोडं विष घोड्याला टोचायचं आणि त्याच्या रक्तातून औषध मिळवायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं हे औषध शेतात राबणाऱ्यांचा जीव वाचवतं. भांडं तेच, हेतू बदलला.

तिसरी काच. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी वेगळी इमारत झाली. 1852 मध्ये तिथल्याच एका रखवालदाराचा नाग चावून मृत्यू झाला. काच होती, पण माणसाची शिस्त सुटली. उलट आपल्याकडे 1980 मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे 72 विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत 72 तास राहिले आणि सुखरूप बाहेर आले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांनी काचेतून पाहिलं. पुढे 1986 मध्ये कात्रजला सर्पोद्यान झालं.

आता तरुण मुलं विचारतात, "सर, घरी पाळू का?" आपल्या रानातला साप पाळणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. हौसेनं पकडणंसुद्धा. परदेशी यादीतल्या जाती ज्यांच्याकडे आहेत, त्यांना 2024 च्या नियमांनुसार नोंदणी लागते. अशा सापाच्या घराचा हिशेब साधा आहे. एक टोक उबदार, दुसरं गार, म्हणजे निवड सापाची राहते. लपायला आडोसा हवा. पाणी हवं. झाकण पक्कं बसणारं हवं. खरखरीत जाळी नको, तिच्यावर घासून तोंड सोलतं. फिनाईलनं पुसायचं नाही, ते सापाला विषारी आहे. आणि पेटी कधीही उन्हात ठेवायची नाही. हे शेवटचं मी त्या धामणीकडून शिकलो.

बघा, टोपली काय, मडकं काय, काच काय, वस्तू निर्दोष असतात. शेकडो वर्षं आपण एवढंच विचारलं, की सापापासून आपण सुरक्षित आहोत ना? 'आपल्यापासून साप सुरक्षित आहे ना?' हा प्रश्न फार अलीकडचा. तो विचारला की उत्तर बहुतेक वेळा एकच येतं : त्याचं घर बांधावर आहे, वारुळात आहे, आपल्या बरणीत नाही. घरात साप निघालाच, तर अंतर राखा, जाणकाराला बोलवा आणि तो लवकरात लवकर रानात जाईल एवढं पाहा. चहा नंतर घ्या.