बौद्धिक सराव : उपयोग कुठवर?

ठरावीक पद्धतीने मनाला सराव दिल्यास वार्धक्यातील बौद्धिक घसरण मंदावते काय, याचा एक मोठा शोध अमेरिकेत घेण्यात आला. १९९८ साली सुरू झालेल्या ‘ॲक्टिव्ह’ या अभ्यासात ६५ वर्षे व त्यापुढील, स्वतंत्रपणे राहणाऱ्या २,८०० हून अधिक व्यक्तींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट पाडले गेले. एका गटाला यादी लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकवल्या. दुसऱ्याला अक्षरांच्या मालिकेतील नियम हुडकून पुढचे अक्षर ओळखण्यास. तिसऱ्याला संगणकाच्या पडद्यावर क्षणभर चमकणाऱ्या आकृती टिपण्यास. चौथ्या गटाला काहीच शिकवले नाही. पाच-सहा आठवड्यांत सुमारे सव्वा तासाच्या दहा बैठका, आणि काहींना पुढे उजळणी, एवढेच हे प्रशिक्षण होते.

ज्याचा सराव केला तेवढेच सुधारले. मालिका सोडवणाऱ्यांचे पाठांतर सुधारले नाही. दहा वर्षांनंतर तर्क आणि वेग यांचा लाभ टिकून होता, स्मरणाचा ओसरला होता. तिन्ही गटांनी दैनंदिन व्यवहार तुलनेने कमी जड जातात असे सांगितले. प्रत्यक्ष चाचण्यांत मात्र तसा फरक आढळला नाही. वेगाचा सराव केलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका २९ टक्क्यांनी कमी असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते निदान वैद्यकीय तपासणीवर नव्हे, चाचण्यांतील गुण व सहभागींच्या सांगण्यावर आधारलेले होते, हे विसरता येत नाही.

बाजाराला एवढा धीर कुठला? ‘लुमॉसिटी’ या खेळसंचाच्या अतिरंजित दाव्यांबद्दल तिच्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले. शब्दकोडे आम्हीही छापतो. ते आनंदासाठी सोडवावे, औषध म्हणून नव्हे.

फिनलंडमधील ‘फिंगर’ अभ्यासात १,२६० व्यक्तींपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादींवर देखरेख असे सारे एकत्र दिले. केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपेक्षा त्यांची प्रगती सरस ठरली. त्यात एकट्या सरावाचा वाटा किती, हे त्यावरून वेगळे काढता येत नाही.

भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. चष्मा कुठे ठेवला हे न आठवणे निराळे आणि रोजच्या रस्त्यावर घराची वाट चुकणे निराळे. दुसऱ्या प्रसंगी कोडी न देता ज्येष्ठांना डॉक्टरांकडे न्यावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही विस्मरण होते, आणि त्यांवर उपचार आहेत. कमी ऐकू येत असल्यास कानही तपासून घ्यावेत : श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या घटकांपैकी एक मानला जातो.